वाडा : एका शब्दाची चिकित्सा

१

मराठीत 'वाडा' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ चिरेबंदी आहे, दुसरा कुडामातीचा. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, सरकारवाडा, देशमुखाचा वाडा हे शब्द उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दगडी जोते, सागवानी खांब, चौक आणि देवडी उभी राहते. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा हे शब्द उच्चारले की त्याच वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे मी सांगण्याची गरज नाही. शब्द एकच आहे. एका ठिकाणी तो एका घराण्याच्या मालकीचा आहे, दुसऱ्या ठिकाणी तो एका अख्ख्या जातीला गावाबाहेर कोंडण्याचा आहे. आमच्या भाषेने ह्या दोन्ही गोष्टींना एकच नाव का दिले, हा प्रश्न मराठी समीक्षेने स्वतःला विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. पहिल्या वाड्यावर तिने कादंबऱ्या लिहिल्या, नाटके लिहिली, बखरी संपादिल्या. दुसऱ्या वाड्याने स्वतःच लिहायला सुरुवात केली तेव्हा 'हे साहित्य आहे काय?' असा प्रश्न तिला पडला.

प्रस्तुत लेखात शनिवारवाड्याविषयी लिहायचे आहे. परंतु ते शनिवारवाड्याच्या आतून नव्हे. बीड जिल्ह्यातील सिंदफणेच्या काठी असलेल्या एका गावाच्या उतारावरच्या वस्तीतून त्याच्याकडे पाहायचे आहे. वास्तू ही दगडाची असली तरी तिचा अर्थ दगडात नसतो. ती कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, ह्यात तिचा अर्थ असतो. ह्या अर्थाने प्रत्येक वास्तू ही एक संहिता आहे आणि संहितेची चिकित्सा हे समीक्षेचेच काम आहे.

२

आधी वस्तुस्थिती पाहू. मुठा नदीच्या उजव्या तीरावर, कसबा पेठेलगत, पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी ह्या वाड्याची पायाभरणी केली. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवारच होते. आरंभीचा खर्च १६,११० रुपये असा नोंदला गेला आहे. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या भागातून आला, असे सांगितले जाते. पुढे नानासाहेबाच्या आणि नंतरच्या पेशव्यांच्या काळात वाडा वाढत गेला. भोवती परकोट आला, त्याला नऊ बुरूज आणि पाच दरवाजे आले. उत्तरेचा दिल्ली दरवाजा, त्याच बाजूचा मस्तानी दरवाजा, पूर्वेचे खिडकी आणि गणेश दरवाजे, दक्षिणेचा नारायण किंवा जांभूळ दरवाजा. आत चौकामागून चौक, गणेश रंगमहाल, आरसेमहाल, निरनिराळ्या पेशव्यांचे महाल, आणि सवाई माधवरावासाठी बांधलेले सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे. परकोटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. आतली सारी शोभा लाकडाची होती. सुरूचे खांब, त्यांच्या केळफुली कमानी, नक्षीची छते आणि रंगवलेल्या भिंती हे पेशवाई वास्तुशैलीचे विशेष म्हणून सांगितले जातात आणि ते खरे आहेत. त्या कारागिरीला नाकारण्याचे मला कारण नाही. सुताराचा हात कोणत्या मालकासाठी राबला म्हणून त्याच्या हाताची सफाई कमी होत नाही.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातूने ह्या वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला मोठी आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. लाकूड होते ते सगळे जळाले, दगड होता तो राहिला. आज आपण जे पाहतो ते जोती, बुरूज, परकोट, दिल्ली दरवाजा आणि त्यावरचा नगारखाना. १९१९ साली तो संरक्षित स्मारक झाला.

वाड्याच्या जागेविषयी एक कथा शाळेच्या पुस्तकापासून वाटाड्यापर्यंत सगळेच सांगतात. बाजीराव नदीकाठी फिरत असता एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला त्याला दिसला आणि ही भूमी वीरांची आहे असे जाणून त्याने वाडा तेथे बांधला. ही कथा पुण्याची नव्हे. हीच कथा विजयनगरच्या स्थापनेविषयी सांगतात आणि हीच अहमदाबादविषयीही सांगतात. सत्ता जेथे जेथे जमीन घेते तेथे तेथे हा ससा धावतो. त्याच्या धावण्याने एक गोष्ट साधते. जमीन कोणाची होती, तेथे आधी कोण राहत होते, हे विचारण्याची सोयच उरत नाही. जमीनच वीर निघाली, म्हणजे मग प्रश्न मिटला.

३

आता नावांकडे वळू. बांधकामाशी जोडलेली जी नावे सांगितली जातात त्यांत शिवराम कृष्ण हा कारभारी आहे, देवाजी सुतार आहे, कोंडाजी सुतार आहे, मोरारजी पाथरवट आहे, जयपूरकडचा भोजराजा आहे, राघो चित्रकार आहे. सुतार-पाथरवटांची नावे शिल्लक राहिली ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्याकडच्या बहुतेक वास्तूंना तेवढेही भाग्य लाभलेले नाही. परंतु नावांची ही उतरंड सुतार-पाथरवटांपाशी येऊन थांबते. चुन्याची घाणी कोणी फिरवली, चिंचवडहून दगड कोणी वाहिला, ओंडके कोणी ओढले, त्यांचे एकही नाव नाही. पेशवाईत महारांकडून किल्ल्यांसाठी गवत-लाकूड वाहण्याची वेठ घेतली जात होती, हे पेशवे दप्तरातील कागदांवरून अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. वेठीचे वैशिष्ट्य असे की तिला मजुरी नसते, म्हणून खर्चाच्या वहीत तिची ओळ नसते. १६,११० रुपयांचा आकडा म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या श्रमाचा आकडा. हिशेबाबाहेरच्या श्रमाचा आकडा कोणत्याच वाड्याच्या वहीत सापडत नाही.

इथे मला आमच्या गावची गढी आठवते. मराठवाड्यात गावोगावी पांढऱ्या मातीच्या गढ्या आहेत. आमच्या गावची गढी नदीकडच्या उंचवट्यावर, तिचा एक बुरूज नदीच्या अंगाला. गाव गढीच्या पाठीशी आणि आमची वस्ती उतारावर, जिथे नदीचे पाणी सगळ्यांचे धुऊन झाल्यावर येई तिथे. त्या बुरुजाखालून जाताना आजी माझा हात घट्ट धरायची. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाली, "बुरूज उगंच उभा ऱ्हात नाही रं लेकरा. त्येच्या पोटात आपलं माणूस हाय." ते माणूस कोण, केव्हाचे, हे तिला ठाऊक नव्हते. मीही अनेक वर्षे ही म्हातारीची भाकडकथा समजत होतो. शिकल्यावर तर तिची मला लाज वाटू लागली.

मग एके दिवशी मुक्ता साळवेचा निबंध वाचला.

मुक्ता ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मांग जातीची मुलगी. वय अवघे चौदा वर्षांचे. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला. त्यात ती सांगते की मोठ्यामोठ्या इमारती उभारताना त्यांच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरण्याची चाल होती. आणखीही ती सांगते की बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानावर तलवारीचा दांडू करून चेंडूसारखे खेळले जात असे. शनिवारवाडा जळून तेव्हा उणीपुरी २७ वर्षे झाली होती. पेशवाई पाहिलेली माणसे पुण्यात अजून हयात होती. ती मुलगी त्या शहरात राहत होती आणि तिच्या घरातली माणसे तिला हे सांगत होती.

इतिहासकार म्हणतील, पुरावा काय? शनिवारवाड्याच्या पायाबद्दल मी असे काही म्हणत नाही. मुक्तानेही त्या वाड्याचे नाव घेतलेले नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. सशाच्या कथेला कोणी पुरावा मागितला नाही. ती पाठ्यपुस्तकात गेली, पर्यटनाच्या पत्रकात गेली. मुक्ताची साक्ष मात्र आजतागायत आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे. एक दंतकथा मालकाची आणि एक आठवण पायाखालच्या माणसाची, ह्या दोहोंना मराठी संस्कृतीने दोन वेगळे न्याय लावले. पुण्यातली मुक्ता आणि सिंदफणेकाठची माझी निरक्षर आजी एकमेकींना ओळखत नव्हत्या. त्यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर होते, राज्येही वेगळी होती, पेशव्यांचे पुणे आणि निजामाचे बीड. तरी दोघी एकच गोष्ट सांगतात. ती सर्वस्वी घडलेली असो वा भयातून जन्मलेली असो, उंच भिंतीकडे पाहताना पिढ्यान् पिढ्या काय वाटत आले ह्याचा तो दस्तऐवज आहे. मराठीत वाड्याची पहिली समीक्षा चौदा वर्षांच्या मांग मुलीने लिहिली, असे मी मानतो. वास्तूकडे पायाच्या बाजूने पाहण्याची दृष्टी तिने दिली आणि आपण ती दीडशे वर्षे वापरलीच नाही.

४

मराठी ललित साहित्याने हा वाडा कसा पाहिला?

रणजित देसाई ह्यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरल्या माधवरावाची कर्तव्यनिष्ठा आणि रमेचे समर्पण ह्यांची ती कहाणी आहे. मराठी मध्यमवर्गाने ती डोक्यावर घेतली, ह्याचे कारण तिने शनिवारवाड्याला एक घर दिले. पती आहे, पत्नी आहे, आई आहे, कावेबाज काका आहे. सत्तेचे केंद्र कौटुंबिक झाले की त्याविषयी सहानुभूती वाटू लागते आणि राज्याच्या न्याय-अन्यायाचा विचार मागे पडतो. ना. सं. इनामदार ह्यांनी 'राऊ' (१९७२) मध्ये बाजीराव-मस्तानीचे प्रेम रंगवले. तिथे वाड्यातील सनातनी वृत्तीवर प्रहार आहे, हे मान्य केले पाहिजे. मस्तानीच्या मुलाची मुंज होऊ शकली नाही, त्याला समशेर बहादूर म्हणूनच जगावे लागले, हा इतिहास आहे. वाड्याच्या एका दरवाज्याला मस्तानीचे नाव मिळाले, परंतु तिच्या वंशाला पंक्तीत पाट मिळाला नाही. पण इथेही प्रश्न उरतो. राजस्त्रीला नाकारलेला पाट ही शोकांतिका ठरते. मग ज्यांना त्या रस्त्यावर सावलीही नाकारली गेली, त्यांच्यासाठी मराठी कादंबरीकाराच्या लेखणीत शोक का उरत नाही? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये पेशव्यांच्या राजधानीतील अस्पृश्याच्या गळ्यातल्या मडक्याचा आणि कमरेच्या झाडूचा उल्लेख केला, तो ह्या कादंबऱ्यांच्या कितीतरी आधी. लेखकांना ते अज्ञात होते असे म्हणता येणार नाही.

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यातच रंगमंचावर आले. पेशवाईच्या स्वप्नरंजनाला इतका जबर तडाखा दुसऱ्या कोणत्याही नाटकाने दिलेला नाही. त्यातली ब्राह्मणांची मानवी भिंत ही मराठी रंगभूमीवरची अजोड कल्पना आहे. माणसांचीच भिंत होते, ती डुलते, गाते, आणि तिच्या आड जे चालायचे ते चालते. मला हे नाटक ह्या भिंतीसाठी महत्त्वाचे वाटते. दगडी परकोट हा पुष्कळदा आधी माणसांचा असतो हे त्याने दाखवले. परंतु नाटकाचा संघर्ष नाना आणि घाशीराम, पुण्याचे ब्राह्मण आणि परका कनोजी ब्राह्मण ह्यांच्यातच राहतो. भिंतीची आतली बाजू तेंडुलकरांनी निर्दयपणे उघडी केली. भिंतीच्या बाहेर उभे कोण होते, तिकडे प्रकाशझोत वळलाच नाही. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) वाडा पुण्याचा नाही, विदर्भातल्या देशपांड्यांचा आहे. काळही आधुनिक आहे. ढासळत्या वाड्याचे दुःख एलकुंचवार अस्सलपणे मांडतात. ते दुःख खोटे नाही. पण चिरे निखळताना आवाज ऐकू येतो तो फक्त आतल्या माणसांना, हे त्या दुःखाचे क्षितिज आहे.

एका प्रसंगावर मला थोडे थांबायचे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी ह्या वाड्यात नारायणरावाचा गारद्यांनी खून केला. 'ध'चा 'मा' झाला, 'काका मला वाचवा' अशी किंकाळी अजूनही वाड्यातून ऐकू येते, हे सारे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. त्या दिवशी एकटा नारायणराव मेला नाही. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि धन्याबरोबर कापला गेला. दासीही मारल्या गेल्या. पेशवाईत बटकी-कुणबिणी खरेदी केल्या जात, बदफैलीच्या आरोपाखाली स्त्रियांना सरकारच्या दासी करून कोठ्यांत-पागांत राबवले जाई. अशा स्त्रियांपैकी त्या असतील. लोककथा म्हणते, वाड्यात रात्री नारायणराव ओरडतो. चाफाजी कधी ओरडल्याचे कोणी ऐकले आहे काय? दासींची किंकाळी कोणत्या अमावास्येला ऐकू येते? भूत होण्यासाठीही ह्या देशात कुळ लागते! जिथे भुतांच्या कथांतसुद्धा वर्णव्यवस्था आहे, तिथे कादंबऱ्यांत ती नसेल असे कसे मानावे?

दुसरीकडे, वाड्याबाहेरच्या माणसांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा हेच वाडे निराळे दिसू लागले. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे ह्यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), शरणकुमार लिंबाळे ह्यांचे 'अक्करमाशी' (१९८४), बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. इथे दुसरा वाडा बोलतो. 'अक्करमाशी'त तर पाटील बाप आणि दलित आई ह्यांच्यामधल्या अंतरातच लेखकाचा जन्म आहे. ज्या वाड्याचे रक्त अंगात आहे त्या वाड्याचे नाव लावण्याचा अधिकार नाही, हे सत्य सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी मिळून सांगितले नव्हते. तथापि आपल्याविषयीही एक गोष्ट कबूल करायला हवी. आपल्या साहित्याने महारवाडा लिहिला, मुंबईची झोपडपट्टी लिहिली, परंतु शनिवारवाडा लिहिला नाही. सत्तेच्या त्या घरात शिरून, त्याचा चौक आणि कोठी, त्याचे हिशेब आणि त्याचे पाणी आपल्या दृष्टीने तपासून आपण इतिहासाची पुनर्रचना करणारी मोठी कादंबरी अजून दिलेली नाही. नकार पुरेसा नाही. नकारानंतर ताबा घ्यावा लागतो.

५

पाण्याचा उल्लेख केला, तेव्हा वास्तुसमीक्षेचा एक निकष मांडतो. कोणत्याही थोर वास्तूबद्दल आधी विचारावे, तिचे पाणी कोठून आले आणि कोणाकोणाला मिळाले?

बीड शहराजवळ खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८२ साली, बीडचा जहागीरदार सलाबतखान ह्याने राजा भास्कर नावाच्या जाणकाराकडून ती बांधवून घेतली, असे सांगतात. जमिनीखालच्या नळाने तिचे पाणी दूरच्या शेतांना जाते. तिला महाल नाही, नगारखाना नाही, तिच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही. आमच्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात चार शतके ती उपयोगी पडत आली, एवढेच तिचे सौंदर्य.

शनिवारवाडा नदीकाठी असूनही त्याचे पाणी नदीचे नव्हते. नानासाहेब पेशव्याने १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून, जमिनीखालच्या दगडी नळातून ते पाणी काही कोसांवरून पुण्यात आणले. वाटेत जागोजागी हौद बांधले. अभियांत्रिकी म्हणून हे काम थोर आहे. ह्याच पाण्याच्या वैभवाने हजारी कारंजे शोभले. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडला तोही कारंज्यावरच, आणि दोन दिवसांनी वारला. एका मुलाच्या करमणुकीसाठी पाण्याचे कमळ फुलत होते, आणि त्याच शहरात तहानलेल्या महार-मांगाला हौदावर हात लावता येत नव्हता. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ह्या एका गोष्टीवरून आधीच्या शतकात काय होते ते समजते. जे आधीपासून खुले असते ते कोणाला खुले करावे लागत नाही.

जोतीरावांचे ते घरही 'वाडा' म्हणूनच ओळखले जाते. गंज पेठेतला फुलेवाडा. त्याला बुरूज नाहीत, खिळ्यांचा दरवाजा नाही. चार खोल्या, अंगण, हौद आणि जोतीरावांची समाधी. शनिवारवाड्यापासून पायी जाता येते. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात त्याला दोन ओळीही मिळणार नाहीत. पण माझ्या निकषाने पुण्यातील सर्वांत थोर वास्तू तीच आहे, कारण तिच्या पाण्याने पहिल्यांदा 'वाडा' ह्या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या जवळ आणले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ती ह्याच हौदाची पुढची पायरी. आणि बाबासाहेबांना स्वतःचे घर बांधण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले, ते ग्रंथांसाठी. राजाचे घर हे नाव त्यांनी मगधाच्या प्राचीन नगरीवरून घेतले आणि आत सिंहासनाऐवजी पुस्तकांची कपाटे लावली. मुठेकाठचा वाडा, गंज पेठेतला वाडा आणि दादरचे राजगृह ही तीन घरे शेजारी ठेवली की महाराष्ट्राच्या दोन शतकांचा इतिहास सांगून होतो.

भीमा नदीच्या काठी कोरेगावला आणखी एक बांधकाम आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा तो विजयस्तंभ इंग्रजांनी उभारला तो स्वतःच्या गौरवासाठी, हे विसरू नये. परकी सत्ता म्हणजे मुक्ती नव्हे. पण त्या दगडावर साध्या शिपायांची नावे कोरली गेली आणि त्यांत कित्येक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. शनिवारवाड्याच्या सबंध परकोटावर असे एकही नाव नाही. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे का गेले, ह्याचे उत्तर ह्या फरकात आहे.

६

शेवटी एक स्वतःचा अनुभव सांगतो, कारण तो न सांगता हा लेख अपुरा राहील.

आमचे घर ऊसतोडीला जाणारे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल फिटवण्यासाठी बीड जिल्ह्यातून हजारो कोयते पश्चिमेकडे निघतात, त्यांत आमचाही एक कोयता. एका हंगामात पुण्याच्या बाजूचा कारखाना होता. एक दिवस तोड बंद होती, तेव्हा बाप मला म्हणाला, "चल, पुस्तकात हाय त्यो वाडा दावतो." आम्ही एसटीने गेलो. दिल्ली दरवाज्यापुढे उभे राहिलो. माझी मान वर, सुळ्यांकडे. बाजूला पाहिले तर बापाने पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या होत्या.

त्याला कोणी सांगितले नव्हते. पहारेकरी तिकिटे फाडत होता, मुले पळत होती, सगळे बूट-चपला घालून आत जात होते. मी म्हणालो, "बा, घाल की पायात." तो ओशाळून हसला. "सवय रं," म्हणाला. आमच्या गावात गढीपुढून जाताना त्याचा बाप वहाणा हातात घेई, तोही लहानपणी घेई. ती सवय दीडशे मैलांवरच्या दुसऱ्याच वाड्यापुढे त्याच्या हाताने आपणहून पाळली. वाडा जळाला होता, पेशवे गेले होते, निजाम १९४८ साली गेला होता, संविधान आले होते. दरवाज्याचा हुकूम मात्र त्याच्या अंगात तसाच होता. वास्तू माणसाला अशी घडवते. दगड पडला तरी दगडाने शिकवलेली वाकण पडत नाही.

त्यानंतर मी त्या दरवाज्यातून पुष्कळदा गेलो. ३१ डिसेंबर २०१७ रोजी भीमा कोरेगावच्या दोनशेव्या वर्षानिमित्त ह्याच दरवाज्यासमोरच्या मैदानात एल्गार परिषद भरली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला आणि पुढे अटका आणि खटले झाले. राजकीय निवाडा इथे करत नाही. एवढेच नोंदवतो की दोनशे वर्षांनीही हा वाडा कोणाचा, त्याच्यापुढे कोणी उभे राहून काय बोलावे, हा प्रश्न जिवंत आहे. जो म्हणतो हे निव्वळ जुने दगड आहेत, त्याने दगड पाहिलेच नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत. निर्णय योग्य आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. आमच्या वस्तीवरही नवी पाटी लागली. माझी पुतणी आता पत्ता लिहिताना अडखळत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पाटीखालून वाहणारे गटार तेच आहे, आणि उताराचा उतारही तोच आहे. मला भीती वाटते ती वेगळीच. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा ही नावे फलकावर राहतील, ध्वनिप्रकाशाच्या खेळात झळकतील, आणि महारवाडा हा शब्द शब्दकोशाच्या तळाशी जाईल. मग पन्नास वर्षांनी एखादा विद्वान लिहील की मराठीत 'वाडा' ह्या शब्दाचा अर्थ एकच, तो म्हणजे चिरेबंदी. पत्त्यावरून तो शब्द जरूर जावा. इतिहासातून आणि साहित्यातून मात्र तो जाता कामा नये. अपमान पुसायचा आहे, पुरावा नव्हे.

पुरावा किती लवकर पुसला जातो हे आपण पाहतोच आहोत. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी जिथे मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा जीर्ण होत होत अखेर डिसेंबर २०२३ मध्ये, स्मारकासाठी म्हणून का होईना, पाडावा लागला. शनिवारवाड्याचे जळके जोतेसुद्धा शंभर वर्षे जपले जाते, आणि भिडेवाड्याचे छप्पर आपल्याला सावरता आले नाही. ह्यात सरकारचा दोष आहेच. पण आपल्यातल्या शिकलेल्या, नोकरदार माणसांचा नाही काय? आपण शहरात घरे बांधली, फाटकावर संगमरवरी पाट्या लावल्या, आणि काहींनी तर आपल्या घराला हौसेने 'वाडा' असेच नाव दिले. त्या घराच्या नळाचे पाणी कोणाला मिळते, हा माझा निकष त्यालाही लागू आहे.

शनिवारवाडा पाडा, असे मी म्हणत नाही. तो जपावा. त्याचे सुळे, त्याचे बुरूज, त्याचे कारंजे, देवाजी सुताराच्या हाताच्या सगळ्या खुणा जपाव्यात. फक्त तेथे आणखी एक फलक लावावा, आणि त्यावर मुक्ता साळवेचे नाव, तिचे वय आणि १८५५ हे साल लिहावे. तो फलक वाचण्यासाठी बीड जिल्ह्यातले एखादे पोर तोडीच्या सुट्टीत बापाबरोबर येईल. त्या दिवशी त्या बापाच्या वहाणा पायातच असाव्यात.